आयर्विन पुलाच्या फुटापासून न्यूटनपर्यंत: एककं हाताळायची रीत

पावसाळ्यात सांगलीत कुणी भेटलं की ख्यालीखुशालीच्या आधी प्रश्न येतो, "आयर्विनला किती फूट झालं?" कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांना पोचलं की इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतं. बातमीत कोयनेतून सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये असतं आणि धरणातला साठा टीएमसीमध्ये. रान एकर-गुंठ्यात, सातबारा हेक्टर-आरमध्ये, मोटर एचपीत, वीजबिल युनिटमध्ये, मार्केट यार्डातली हळद क्विंटलमध्ये आणि ऊस टनात. हेच पोरगं नववीच्या वर्गात बसलं की त्याला फक्त मीटर, किलोग्रॅम आणि सेकंद एवढंच चालेल असं सांगितलं जातं.

माझ्या अनुभवात मुलांचा गोंधळ भौतिकशास्त्रात कमी आणि या ये-जा करण्यात जास्त होतो. सूत्र बरोबर असतं, गुणाकार बरोबर असतो, पण सेंटीमीटर तसेच ठेवून किलोग्रॅमनं भागलेलं असतं. त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. एकक ही उत्तराला शेवटी चिकटवायची शेपटी नव्हे. ते संख्येसोबत पहिल्या ओळीपासून लिहायचं, संख्येसारखंच गुणायचं, भागायचं आणि छेदायचं. पुढचं सगळं या एका सवयीतून येतं.

तीन एककं पक्की करा

आंतरराष्ट्रीय पद्धतीत, म्हणजे ज्याला आपण एसआय म्हणतो त्यात, मूलभूत एककं सात आहेत: लांबीसाठी मीटर, वस्तुमानासाठी किलोग्रॅम, काळासाठी सेकंद, विद्युतधारेसाठी अँपिअर, तापमानासाठी केल्व्हिन, पदार्थाच्या राशीसाठी मोल आणि प्रकाशाच्या तीव्रतेसाठी कँडेला. दहावीपर्यंत खरं काम पहिल्या तिघांचं. विजेच्या धड्यात अँपिअर येतो, उष्णतेच्या धड्यात केल्व्हिन. मोल रसायनशास्त्रात भेटतो आणि कँडेला जवळजवळ कुठेच भेटत नाही, त्याची काळजी करू नका.

भारतात मेट्रिक वजनमापं १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली. त्याआधी १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले होते. तोवर १६ आण्यांचा रुपया आणि ४० शेरांचा मण. शेर साधारण ९३३ ग्रॅमचा आणि तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफ बाजारात तोळा म्हटलं की १० ग्रॅम धरतात. नाव जुनं राहिलं, माप मेट्रिक झालं.

ही एककं ठरवली कशी, तेही थोडक्यात पाहू. सिझियम अणूच्या प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० कंपनं व्हायला लागणारा काळ म्हणजे एक सेकंद. प्रकाश निर्वात पोकळीत सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर कापतो तो मीटर. ही व्याख्या १९८३ ची. किलोग्रॅम मात्र २० मे २०१९ पर्यंत पॅरिसजवळ ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या एका ठोकळ्यावर अवलंबून होता. त्याची भारताकडची प्रत, क्रमांक ५७, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. आता किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो.

गणितं सोडवताना यातली एकच गोष्ट लागते: मूलभूत एकक ग्रॅम नसून किलोग्रॅम आहे. 'किलो' हा उपसर्ग घेऊनच जन्मलेलं हे एकटंच मूलभूत एकक. म्हणून बल, ऊर्जा, दाब यांच्या गणितात ग्रॅम दिसले की आधी किलोग्रॅम करून घ्या.

उपसर्ग: पाठ करायचे ते मोजकेच

किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी. खाली येताना सेंटी म्हणजे शंभरावा भाग, मिली हजारावा, मायक्रो दहा लाखावा, नॅनो शंभर कोटीवा. डेका आणि डेसी पुस्तकातल्या तक्त्यात असतात, व्यवहारात फारसे दिसत नाहीत. हेक्टो मात्र आपल्या सातबाऱ्यावर बसलेला आहे. १० मीटर गुणिले १० मीटर म्हणजे एक आर, आणि असे शंभर, म्हणजे हेक्टो आर, म्हणजे एक हेक्टर. सातबाऱ्यावर ०.४० हे. आर असं क्षेत्र दिसलं तर ते ४० आर, म्हणजे ४,००० चौरस मीटर.

इंग्रजी चिन्हं लिहिताना लहान-मोठ्या अक्षराकडे लक्ष द्या. मोठा एम मेगाचा आणि छोटा एम मिलीचा. दोन्हींत शंभर कोटी पटींचा फरक आहे. मिलीवॅटच्या जागी मेगावॅट लिहून आलेली उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला हसू येतं, पण गुण देता येत नाहीत.

रूपांतर: एकानं गुणायचं

वर्गात "किलोमीटर प्रति तासाचे मीटर प्रति सेकंद करायचे तर ५ नं गुणा आणि १८ नं भागा" असं सांगतात. हे चालतं, पण परीक्षेच्या घाईत ५ वर की १८ वर, हे आठवत नाही. त्यापेक्षा रीत समजून घ्या.

१,००० मीटर आणि १ किलोमीटर एकच. म्हणून त्यांचा भागाकार १. कुठल्याही राशीला १ नं गुणलं तरी ती बदलत नाही. साताऱ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावर गाडी ताशी ९० किलोमीटरनं चालली आहे असं धरा. असं मांडा:

९० किलोमीटर / १ तास × १,००० मीटर / १ किलोमीटर × १ तास / ३,६०० सेकंद

वरचा किलोमीटर खालच्या किलोमीटरशी कटला, तास तासाशी कटला. उरले मीटर आणि सेकंद. ९०,००० भागिले ३,६००, म्हणजे २५ मीटर प्रति सेकंद. एखादा अपूर्णांक चुकून उलटा लिहिला तर एककं कटतच नाहीत, उत्तरात 'तासाचा वर्ग' असलं काहीतरी भलतंच उरतं आणि चूक तिथल्या तिथे सापडते. ५/१८ पाठ करणाऱ्याला ही सोय नाही.

फुटांचंही तसंच. १ फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर. पुलाची ४० फुटांची इशारा पातळी ४० × ०.३०४८ म्हणजे १२.१९ मीटर.

वर्ग आणि घन: मुलं इथेच पडतात

१ मीटर म्हणजे १०० सेंटीमीटर, म्हणून १ चौरस मीटर म्हणजे १०० चौरस सेंटीमीटर, असं निम्मा वर्ग लिहितो. खरं उत्तर १०,०००. घनमीटरला तर दहा लाख घन सेंटीमीटर. नियम सोपा आहे: एककाचा वर्ग झाला की रूपांतराच्या आकड्याचाही वर्ग, आणि एककाचा घन झाला की आकड्याचाही घन.

गुंठ्यावर करून पाहा. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. ३३ फूट म्हणजे १०.०६ मीटर. त्याचा वर्ग १०१.२ चौरस मीटर. म्हणजे गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच, साधारण १.२ टक्क्यांचा फरक. तोंडी हिशेबात तो सोडून द्यायला हरकत नाही, पण जमिनीच्या खरेदीखताच्या आकड्यात सोडू नका. चाळीस गुंठ्यांचा एकर झाला ४,०४७ चौरस मीटर.

आता इकडच्या ऊसवाल्यांचं आवडतं लक्ष्य घ्या, एकरी १०० टन. एक मेट्रिक टन म्हणजे १,००० किलोग्रॅम. १,००,००० किलोग्रॅम भागिले ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास २४.७ किलो ऊस. दोन्ही हात पसरल्याएवढ्याही नसलेल्या चौकोनात पंचवीस किलो! एकक बदललं की तोच आकडा किती वेगळा दिसतो, ते अशा वेळी कळतं.

पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात, हा प्रश्न मला दर जूनमध्ये कुणी ना कुणी विचारतं. पाणी लिटरमध्ये आणि पाऊस लांबीत, हे कसं? पाऊस म्हणजे सपाट जागेवर साचलेल्या पाण्याची उंची, ते पाणी वाहून किंवा मुरून गेलं नाही असं धरून. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर उंचीचं पाणी म्हणजे ०.००१ घनमीटर, आणि १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर, म्हणून बरोबर १ लिटर. गुंठ्यावर १ मिलिमीटर पडला तर १०१ लिटर, हेक्टरवर १०,००० लिटर. एका एकरावर ५० मिलिमीटरचा दणका बसला तर दोन लाख लिटरच्या वर पाणी. महाबळेश्वरला वर्षाकाठी हजारो मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच सह्याद्रीच्या आडोशाला जत-आटपाडी कोरडी राहते. कोयनेच्या पाण्याचा हिशेब याच गुणाकारातून निघतो.

टीएमसी आणि क्युसेक उकलून पाहू

टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, म्हणजे शंभर कोटी घनफूट. १ फूट ०.३०४८ मीटरचा, त्याचा घन ०.०२८३२. म्हणून १ टीएमसी म्हणजे २८३.२ लाख घनमीटर. जलसंपदाच्या कागदांवर हेच २८.३२ दलघमी असं दिसतं, दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे सुमारे २,९८० दलघमी, म्हणजे तीन घन किलोमीटरला किंचित कमी.

क्युसेक हा साठा नव्हे, प्रवाह आहे: दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर. 'धरणात ५० हजार क्युसेक पाणी आहे' असं कुणी म्हणालं तर ते वाक्यच चुकीचं. 'ताशी साठ किलोमीटर लांबीचा रस्ता' म्हटल्यासारखं झालं ते. साठा आणि प्रवाह यांच्यामध्ये काळ असतो. प्रवाह गुणिले काळ बरोबर साठा.

दिवसात ८६,४०० सेकंद. १ टीएमसी पाणी २४ तासांत सोडायचं तर १,००,००,००,००० घनफूट भागिले ८६,४०० सेकंद, म्हणजे ११,५७४ क्युसेक. हा एक आकडा लक्षात ठेवा, पावसाळाभर उपयोगी पडतो. बातमीत ५० हजार क्युसेकचा विसर्ग दिसला की ११,५७४ नं भागा: दिवसाला साधारण ४.३ टीएमसी. विसर्ग तेवढाच राहिला आणि वरून येणारं पाणी ६ टीएमसी असलं तर धरण त्या दिवशी १.७ टीएमसीनं वाढणार. यात भौतिकशास्त्र काही नाही, निव्वळ एककं आहेत. तरी पुराच्या अफवांपैकी बऱ्याच या भागाकारानं तिथेच संपतात.

किलो वस्तुमानाचा, न्यूटन वजनाचा

आता साधित एककांकडे येऊ. ही सगळी मूळ तिघांच्या गुणाकार-भागाकारातून बनतात.

वेग: मीटर प्रति सेकंद. त्वरण: दर सेकंदाला वेग किती बदलला, म्हणून मीटर प्रति सेकंद वर्ग. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, म्हणून किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद वर्ग. याला लाडानं न्यूटन म्हणतात. १ किलोच्या वस्तूला पृथ्वी ९.८ न्यूटन बलानं ओढते. भौतिकशास्त्रात हे ९.८ न्यूटन म्हणजे तिचं वजन, आणि १ किलोग्रॅम हे वस्तुमान. बाजारात आपण वस्तुमानालाच वजन म्हणतो आणि त्यात काही बिघडत नाही. पेपरात बिघडतं.

तराजूत दोन्ही पारड्यांवर पृथ्वीची ओढ सारखीच असते, म्हणून तराजू वस्तुमान दाखवतो. स्प्रिंगचा काटा ओढ मोजतो. सांगलीत जुळवलेला स्प्रिंगचा काटा महाबळेश्वरला नेऊन त्यावर टनभर स्ट्रॉबेरी मोजली तर उंचीमुळे फार तर पाव किलोची तफावत येईल. व्यापाऱ्यानं त्यावर वाद घालू नये, पण फरक आहे हे खरं.

दाबाच्या बाबतीत शेतकऱ्याची भाषा मला फार आवडते. ठिबकवाला म्हणतो, "लाइनला एक किलो प्रेशर पाहिजे." शाळेतला मास्तर म्हणेल, किलो हे दाबाचं एकक नव्हे. पण म्हणणाऱ्याचा अर्थ पक्का असतो: दर चौरस सेंटीमीटरवर एक किलोच्या वजनाएवढं बल. ते पास्कलमध्ये, म्हणजे न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये, आणू. बल ९.८ न्यूटन. क्षेत्रफळ १ चौरस सेंटीमीटर म्हणजे ०.०००१ चौरस मीटर. भागाकार ९८,००० पास्कल, म्हणजे ९८ किलोपास्कल.

आता दुसऱ्या बाजूनं या. टाकी १० मीटर उंचीवर आहे. खाली पाण्याचा दाब घनता गुणिले ९.८ गुणिले उंची, म्हणजे १,००० × ९.८ × १० = ९८,००० पास्कल. तोच आकडा! म्हणून जुने गवंडी आणि प्लंबर "दहा मीटरला एक किलो" असं म्हणतात, आणि त्यांचं अगदी बरोबर असतं. गाडीच्या चाकातली हवा मात्र पीएसआयमध्ये, म्हणजे पाउंड प्रति चौरस इंचात, मोजतात. १ पीएसआय म्हणजे ६.८९५ किलोपास्कल, म्हणून ३२ पीएसआय म्हणजे साधारण २२० किलोपास्कल.

मोटर, एचपी आणि युनिट

कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन: न्यूटन-मीटर, म्हणजे ज्यूल. शक्ती म्हणजे दर सेकंदाला किती ज्यूल: वॅट. एचपी हे शक्तीचंच जुनं एकक, १ एचपी म्हणजे ७४६ वॅट.

विहिरीतून २० मीटर वर, सेकंदाला १० लिटर पाणी चढवायचं आहे. १० लिटर पाण्याचं वस्तुमान १० किलोग्रॅम. दर सेकंदाला लागणारी ऊर्जा १० × ९.८ × २० = १,९६० ज्यूल, म्हणजे शक्ती १,९६० वॅट, २.६ एचपी. मग तीन एचपीची मोटर पुरेल? नाही. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर १,९६० भागिले ०.६, म्हणजे सुमारे ३,२७० वॅट, ४.४ एचपी. म्हणून दुकानदार पाच एचपी सुचवतो. पाइपमधलं घर्षण यात धरलेलंच नाही, ते वेगळं. (कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे. योगायोगानं आपल्या विहिरीच्या आकड्याच्या जवळजवळ दहा लाख पट. मेगा म्हणजे काय, ते याहून चांगलं मला दाखवता येणार नाही.)

बिलावरचं युनिट शक्तीचं नाही, ऊर्जेचं. १ किलोवॅट एक तास चालला की १ युनिट. १,००० वॅट गुणिले ३,६०० सेकंद, म्हणजे ३६ लाख ज्यूल. 'किलोवॅट प्रति तास' असं बोललं आणि लिहिलंही जातं, ते चूक. तिथे भागाकार नाही, गुणाकार आहे: किलोवॅट-तास.

पीपीएम: तासगावच्या बागेतलं गणित

द्राक्षबागायतदाराला एककांची चूक सगळ्यात महागात पडते. जीएची, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड या वाढसंजीवकाची, फवारणी १० पीपीएमनं (दहा लाख भागांत १० भाग) करायची म्हणजे पाण्याच्या दर लिटरला १० मिलिग्रॅम. २०० लिटरच्या बॅरलला २,००० मिलिग्रॅम, म्हणजे २ ग्रॅम. दशांश चिन्ह एक घर सरकलं आणि २० ग्रॅम पडले तर द्रावण १०० पीपीएमचं होईल. पुडीवर छापलेली शुद्धता १०० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर २ ला त्या प्रमाणानं भागा. ९० टक्के असेल तर २.२२ ग्रॅम. कितव्या फुटव्याला किती द्यायचं, ते मात्र तुमच्या कृषी सल्लागाराला विचारा, मला नको.

सूत्र आठवत नसेल तेव्हा

लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, काढायचा आहे. वर्गमुळात लांबी भागिले गुरुत्वत्वरण, की उलटं? एककं घाला. मीटर भागिले (मीटर प्रति सेकंद वर्ग) म्हणजे सेकंद वर्ग. वर्गमूळ घेतलं की सेकंद. आवर्तकाल सेकंदात हवा, म्हणून लांबी वर. उलटं केलं असतं तर 'सेकंदाचा व्यस्त' आला असता. बारावीपर्यंतची निम्मी सूत्रं अशी तपासता येतात. पुढचा २π किंवा निम्म्याचा गुणक मात्र या युक्तीनं सापडत नाही, तो पाठच करावा लागतो.

तापमानाला वेगळा इशारा. २७ अंश सेल्सिअस म्हणजे सुमारे ३०० केल्व्हिन, इथे २७३.१५ मिळवायचे. पण पाणी २७ वरून ३७ अंशांपर्यंत तापलं तर फरक १० सेल्सिअस आणि १० केल्व्हिन, तिथे काहीही मिळवायचं नाही.

प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपरचं लघुत्तम माप, म्हणजे त्यावर मोजता येणारी सगळ्यात लहान लांबी, साधारण ०.०१ सेंटीमीटर असतं. मग उत्तर २.३४ सेंटीमीटर लिहा. कॅल्क्युलेटरनं दाखवलेले २.३४५६७ लिहू नका. ते उपकरणानं मोजलेलंच नाही.

सरावाला तीन गणितं

पहिलं: ठिबकच्या लाइनला दीड किलो प्रेशर हवं, तर टाकी किती उंच? दीड किलो म्हणजे १४७ किलोपास्कल, म्हणून १५ मीटर, घर्षण सोडून.

दुसरं: २० मीटर लांब, २० मीटर रुंद, ३ मीटर खोल, उभ्या कडांचं शेततळं सेकंदाला १० लिटरनं किती वेळात भरेल? १,२०० घनमीटर म्हणजे १२ लाख लिटर, १,२०,००० सेकंद, ३३ तास २० मिनिटं.

तिसरं: मिरजेच्या सतारीची एक तार ०.३० मिलिमीटर व्यासाची आहे असं समजा. तिच्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढा. इथे मिलीचाही वर्ग होतो, हे विसरलात तर उत्तर हजारपट चुकेल. त्रिज्या ०.००० १५ मीटर. तिचा वर्ग गुणिले ३.१४, उत्तर ७.०७ गुणिले १० चा उणे आठवा घात.